चार खुर्च्यांची एक कारकीर्द : स्ट्रिंग क्वार्टेटमधील सहवादन आणि सदस्यबदलाचा प्रश्न

प्रास्ताविक

पाश्चात्त्य अभिजात संगीताविषयी मराठीत जे लेखन आढळते, त्यात रचनाकार आणि त्यांच्या सिंफनी यांना अग्रस्थान मिळाले आहे. त्याखालोखाल एकल वादक आणि वाद्यवृंदाचे कंडक्टर यांच्याविषयी आस्थेने लिहिले गेले. मात्र चार वादक एकत्र येतात, स्वतःची नावे मागे ठेवून एक समाईक नाव धारण करतात आणि त्या नावाने तीस-चाळीस वर्षे वादन करतात, या घटनेचा स्वतंत्र विचार क्वचितच झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात या सामूहिक कारकिर्दीचा एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने विचार करावयाचा आहे. चौघांपैकी एक निवृत्त झाला, सोडून गेला अथवा मरण पावला, तर उरते ते तेच क्वार्टेट असते काय?

प्रथम संज्ञेविषयी. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांचा समूह, तसेच त्या समूहासाठी लिहिलेली रचना. ‘चौकडी’ हा मराठी प्रतिशब्द सहज सुचतो. परंतु मराठीत चौकडी ही बहुधा कारस्थानीच असते, आणि ‘चांडाळचौकडी’ची आठवण टाळता येत नाही. ‘चतुष्टय’ निर्दोष आहे, पण कोणी बोलत नाही. म्हणून येथे ‘क्वार्टेट’ हाच शब्द योजिला आहे. सभागृहातील वाद्यवृंदापेक्षा वेगळे, दालनात मोजक्या श्रोत्यांपुढे वाजविले जाणारे हे संगीत, म्हणून त्याला चेंबर म्युझिक म्हणतात. त्याची दोन लक्षणे या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. प्रत्येक भाग एकच वादक वाजवितो, त्यामुळे कोणाची चूक कोणाच्या आड लपत नाही. आणि समोर कंडक्टर नसतो, त्यामुळे लय, जोर, विराम यांविषयीचा प्रत्येक निर्णय चौघांना आपसात करावा लागतो.

आपल्या मैफलीच्या अनुभवावरून हे नाते समजून घेऊ गेल्यास दिशाभूल होण्याचा संभव आहे. हिंदुस्थानी मैफलीत मुख्य कलावंत एक असतो. तबला, हार्मोनियम यांचे वादक त्याची संगत करतात आणि ते मैफलीगणिक बदलू शकतात. जुगलबंदीत दोघे समान असतात, परंतु दोघांचीही नावे, तालमी आणि कारकिर्दी स्वतंत्र असतात. जुगलबंदी थांबली तरी कलावंत उरतो. क्वार्टेटमध्ये मात्र कलावंताची कारकीर्दच समूहाच्या नावावर जमा झालेली असते. तिसाव्या वर्षी व्हायोला हाती घेऊन क्वार्टेटमध्ये बसलेला माणूस साठाव्या वर्षी बाहेर पडला, तर त्याच्यापाशी स्वतःचे असे काय उरते, हा प्रश्न केवळ भावनिक नाही. तो चरितार्थाचाही आहे.

आश्रयापासून विद्यापीठापर्यंत

व्हिएन्नातील रशियन राजदूत काउंट राझुमोव्हस्की याने १८०८ साली व्हायोलिनवादक इग्नात्स शुपान्झिग याच्याकरवी पगारी क्वार्टेट उभे केले. बीथोव्हनच्या ओपस ५९ मधील तीन क्वार्टेट्स याच राझुमोव्हस्कीला अर्पण केलेली आहेत. १८१४ च्या अखेरच्या रात्री त्याच्या प्रासादाला आग लागली, वैभव ओसरले, आणि १८१६ मध्ये वादकांना निरोप देण्यात आला. व्यावसायिक क्वार्टेटच्या इतिहासातील हा आरंभीचा अध्याय असा एका आगीबरोबर आटोपतो. पुढे १८६९ पासून बर्लिनमध्ये योझेफ योआखिम याचे क्वार्टेट त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०७ पर्यंत गाजले. पण ते नावाप्रमाणेच योआखिमचे होते. तो युरोपातील अग्रगण्य एकल वादक, आणि इतर तिघे त्याचे सहकारी. ज्याला खऱ्या अर्थाने समान भागीदारी म्हणता येईल, ती विसाव्या शतकाची निर्मिती होय.

या भागीदारीचे अर्थकारण मात्र फारसे उत्साहवर्धक नाही. एकल वादकाला मिळणारे मानधन त्याचे एकट्याचे असते, येथे एका मानधनाचे चार वाटे पडतात. विमानाची तिकिटे चार नव्हे तर पाच काढावी लागतात, कारण चेलो सामानात टाकता येत नाही. त्याला खुर्ची हवी. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील क्वार्टेट्स विद्यापीठांच्या आश्रयाला गेली. ग्वार्नेरी क्वार्टेटचा मेरिलँड विद्यापीठाशी, टाकाश क्वार्टेटचा कोलोरॅडो विद्यापीठाशी, इमर्सन क्वार्टेटचा स्टोनी ब्रूक विद्यापीठाशी दीर्घ संबंध राहिला. राझुमोव्हस्कीची जागा विद्यापीठाच्या संगीत विभागाने घेतली, असे म्हणता येईल. महाविद्यालयीन अध्यापकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. निश्चित वेतन मिळते, शिष्य मिळतात, आणि त्या मोबदल्यात वेळापत्रक स्वीकारावे लागते.

बुडापेस्ट क्वार्टेट : नाव टिकले, माणसे बदलली

सदस्यबदलाच्या प्रश्नावर सर्वांत टोकाचे उत्तर बुडापेस्ट क्वार्टेटने दिले. १९१७ साली बुडापेस्टच्या ऑपेरा वाद्यवृंदातील वादकांनी ते स्थापन केले. आरंभापासून काही नियम ठरले होते. संगीतविषयक असो वा व्यवहारविषयक, मतभेद मतदानाने मिटवावयाचा. पहिला व्हायोलिनवादक असो वा व्हायोलावादक, प्राप्तीचा वाटा सर्वांना सारखा. आणि बाहेरची कामे घ्यावयाची नाहीत. त्या काळी, जेव्हा क्वार्टेट पहिल्या व्हायोलिनवादकाच्या मालकीचे समजले जाई, तेव्हा ही घटना, आणि ‘घटना’ हा शब्द येथे राज्यघटनेच्याच अर्थाने घ्यावा, फार पुढारलेली होती.

पुढील दोन दशकांत संस्थापक एकेक करून गेले. १९२७ मध्ये जोसेफ रॉइसमन, १९३० मध्ये चेलोवादक मिशा श्नायडर, १९३२ मध्ये त्याचा धाकटा भाऊ अलेक्झांडर, आणि १९३६ मध्ये व्हायोलावादक बोरिस क्रॉइट आला. नाव हंगेरीच्या राजधानीचे, पण चौघेही रशियन साम्राज्यात जन्मलेले. एक रशियन म्हणजे अराजकवादी, दोन म्हणजे बुद्धिबळाचा डाव, तीन म्हणजे क्रांती आणि चार म्हणजे बुडापेस्ट क्वार्टेट, अशा आशयाचा विनोद संगीतजगतात पुष्कळ दिवस फिरत होता. विनोद बाजूला ठेवला तरी त्यातील प्रश्न उरतोच. ज्या समूहात संस्थापकांपैकी एकही नाही, तो समूह त्याच नावाने वाजवितो तेव्हा नाव कशाचे असते?

प्रस्तुत लेखकाच्या मते ते कामाच्या रीतीचे असते. हंगेरियन वादकांची शैली जुन्या वळणाची होती. तीत स्वरावरून स्वरावर घसरत जाणे मुबलक होते. रशियन चौघांनी ती टाकून लयीला बांधीव, स्वच्छ, काहीसे कोरडे वाटावे असे वादन रूढ केले. म्हणजे ध्वनी पूर्णतः पालटला. न पालटता राहिले ते मतदान आणि समान वाटा. १९४० पासून १९६२ पर्यंत वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हे क्वार्टेट निवासी होते. तेथे गर्ट्रूड व्हिटल या दानशूर बाईंनी दिलेली स्ट्राडिव्हारीने घडविलेली वाद्ये त्यांना वाजवावयास मिळत. ही वाद्ये ग्रंथालयाची, वादकांची नव्हेत. १९६२ मध्ये बुडापेस्ट क्वार्टेट गेले आणि जुलियर्ड क्वार्टेट आले, तेव्हा वाद्ये जागच्या जागीच राहिली. वादक बदलले, क्वार्टेटचे नावही बदलले, आणि लाकूड तेच राहिले. सातत्याचा हा तिसरा प्रकार कोणी फारसा लक्षात घेत नाही.

परंतु या यशोगाथेत एक उणी बाजू आहे, आणि ती नेमकी दुसऱ्या व्हायोलिनच्या खुर्चीपाशी आहे. अलेक्झांडर श्नायडर १९४४ मध्ये बाहेर पडला. त्याला एकल वादन करावयाचे होते, लहान वाद्यवृंद चालवावयाचे होते. बाहेरची कामे न घेण्याचा नियम त्याला जाचत होता. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास तो परतला. दरम्यान त्या खुर्चीवर दोन वादक बसले. त्यांपैकी दुसरा, जॅक गोरोडेत्स्की, रंगमंचावरील भीतीने दीर्घकाळ ग्रासलेला होता. १९५५ मध्ये त्याने आत्महत्या केली. एका माणसाच्या मृत्यूचे कारण त्याच्या खुर्चीत शोधणे उथळपणाचे होईल, आणि येथे तसे सुचवावयाचे नाही. पण पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित झालेली बीथोव्हनची क्वार्टेट्स ऐकताना, ज्यांतील दुसरे व्हायोलिन गोरोडेत्स्कीचे आहे, एवढे ध्यानात येते की समीक्षकांनी ज्या ‘एकजिनसी’ ध्वनीचे कौतुक केले, तो ध्वनी त्यानेही तितकाच पेललेला होता. कौतुकात मात्र त्याचे नाव क्वचितच येते.

अमेडियस : न बदलण्याचा निर्णय

बुडापेस्टच्या नेमक्या विरुद्ध टोकाला अमेडियस क्वार्टेट उभे आहे. नॉर्बर्ट ब्रेनिन, सिग्मंड निस्सेल आणि पीटर शिडलोफ हे तिघे ज्यू तरुण १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर व्हिएन्नाहून इंग्लंडला पळून आले. ज्या देशाने आसरा दिला, त्यानेच १९४० मध्ये त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून छावण्यांत स्थानबद्ध केले. तिघांची ओळख झाली ती या छावण्यांत. सुटकेनंतर माक्स रोस्टाल या गुरूने त्यांना विनामूल्य शिकविले. चौथा, चेलोवादक मार्टिन लोव्हेट, हा लंडनचा. १९४७ मध्ये ते एकत्र वाजवू लागले आणि १० जानेवारी १९४८ रोजी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये अमेडियस या नावाने पहिला कार्यक्रम झाला. त्यासाठीचे पैसे रचनाकार गुस्ताव्ह होल्स्ट यांची कन्या इमोजेन होल्स्ट यांनी पुरविले होते.

येथे एक तपशील निर्णायक आहे. शिडलोफ मूळचा व्हायोलिनवादक. क्वार्टेटच्या गरजेपोटी तो व्हायोलाकडे वळला. त्यामुळे वरच्या तिन्ही वाद्यांवर एकाच गुरूचे तीन व्हायोलिन-शिष्य बसले होते. गज धरण्याची, कंप देण्याची, सूर सोडण्याची त्यांची तालीम एक होती. आपल्याकडील परिभाषेत बोलावयाचे तर तिघे एका घराण्याचे होते. अमेडियसच्या वादनात स्वरावली पहिल्या व्हायोलिनकडून व्हायोलाकडे उतरते तेव्हा रंग बदलतो, पण बोलण्याची लकब बदलत नाही, याचे स्पष्टीकरण बहुधा येथे आहे. शिडलोफच्या हाती स्ट्राडिव्हारीचा १७१९ चा ‘मॅक्डोनाल्ड’ नावाचा व्हायोला होता. त्या वाद्याचा सूर दाट होता, आणि शिडलोफ तो व्हायोलिनवादकाच्या चपळाईने काढी.

चाळीस वर्षांत या क्वार्टेटमध्ये एकही बदल झाला नाही. ऑगस्ट १९८७ मध्ये शिडलोफ हृदयविकाराने अचानक गेला, आणि उरलेल्या तिघांनी अमेडियस थांबविले. नवा व्हायोलावादक शोधण्याचा प्रयत्न केला नाही. नाव मोठे होते, ध्वनिमुद्रणे खपत होती, आमंत्रणे मिळाली असती. तरी थांबविले.

या निर्णयाचे वर्णन अनेकदा मैत्रीची थोरवी म्हणून केले जाते. ते खोटे नाही. छावणीत जुळलेल्या नात्याला दुसरा माणूस कोठून आणावयाचा? तथापि समीक्षेने तेथेच थांबू नये. अमेडियसचा निर्णय सांगीतिकदृष्ट्याही अपरिहार्य होता. बुडापेस्टची ओळख रीतीत होती. रीत नव्या माणसाला शिकविता येते. अमेडियसची ओळख ध्वनीत होती, आणि तो ध्वनी तीन विशिष्ट माणसांच्या समान तालमीतून आला होता. रोस्टालच्या वर्गातला, व्हिएन्नात वाढलेला, व्हायोलिनवरून व्हायोलावर आलेला चौथा शिष्य १९८७ साली मिळणे शक्य नव्हते. कोणी उत्तम वादक आला असता, क्वार्टेटही उत्तम झाले असते, पण ते दुसरे झाले असते.

याची किंमत कोणती, हेही नोंदविले पाहिजे. हायडन, मोत्सार्ट, बीथोव्हन, शूबर्ट, ब्राम्स हा अमेडियसचा प्रांत. विसाव्या शतकातील रचनांकडे ते तुलनेने कमी वळले. चाळीस वर्षे तीच माणसे, तोच ध्वनी आणि बव्हंशी तोच संग्रह, यात आवर्तनाचा धोका असतो. त्यांच्या उत्तरकालीन वादनात ब्रेनिनचे व्हायोलिन कधीकधी फार पुढे येते, कंप जरा अधिक रुंद होतो, असे ऐकणाऱ्याला वाटते. हे वाटणे सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही. नवा माणूस येतो तेव्हा जुन्यांना आपल्या सवयी शब्दांत मांडाव्या लागतात, आणि शब्दांत मांडताना त्यांतल्या काही निराधार ठरतात. ही संधी अमेडियसला मिळाली नाही.

तरीही एक प्रसंग या टीकेला छेद देतो. बेंजामिन ब्रिटनने १९७५ मध्ये आपले तिसरे क्वार्टेट अमेडियससाठी लिहिले. तो तेव्हा हृदयविकाराने जर्जर झाला होता. वादकांनी त्याच्यासमोर रचनेची तालीम केली, ती त्याने ऐकली. जाहीर कार्यक्रमापर्यंत तो जगला नाही. ४ डिसेंबर १९७६ रोजी तो गेला आणि १९ डिसेंबरला स्नेप येथे रचनेचे पहिले वादन झाले. या रचनेचा शेवट शांत असूनही स्थिरावत नाही. शेवटचा स्वरमेळ जणू प्रश्न विचारून थांबतो. व्हिएन्नाच्या उबदार ध्वनीसाठी ख्यात असलेल्या या चौघांकडून ब्रिटनने जे काढून घेतले, ते उबदार नाही. म्हणजे त्यांची क्षमता त्यांच्या निवडीपेक्षा मोठी होती.

दुसरी खुर्ची

क्वार्टेटविषयीच्या समीक्षेत एक सवय दिसते. वर्णन पहिल्या व्हायोलिनचे करावयाचे, चेलोच्या गांभीर्याला दाद द्यावयाची, आणि मधल्या दोन वाद्यांना ‘साथ’ म्हणून निकालात काढावयाचे. गटेने क्वार्टेटला चार सुज्ञ माणसांच्या संभाषणाची उपमा दिल्यापासून ती उपमा घासून गुळगुळीत झाली आहे. तरीही ती वापरणारेच चौघांपैकी दोघांचे बोलणे ऐकत नाहीत, हे विलक्षण आहे. वस्तुतः क्वार्टेटचा सूर लागतो की नाही, हे मधली वाद्ये ठरवितात. स्वरमेळातील तिसरा स्वर पुष्कळदा त्यांच्याकडे असतो आणि तो किंचित वर किंवा खाली गेला की पहिले व्हायोलिन कितीही निर्दोष असले तरी बेसूर भासते. लय बदलावयाची असते तेव्हाही आतली धावती स्वरावली प्रथम वळते, मागाहून वरची.

या खुर्चीशी मुंबईचा एक थेट संबंध आहे. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन करणारे मेहली मेहता हे झुबिन मेहता यांचे वडील म्हणून ओळखले जातात. हा त्यांच्यावर थोडा अन्यायच आहे. मुंबईत ते नेतृत्व करणारे व्हायोलिनवादक होते. १९५५ च्या सुमारास ते इंग्लंडला मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात गेले आणि १९५९ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, फिलाडेल्फियाला जाऊन कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन वाजवू लागले. हे क्वार्टेट १९२७ साली सुरू झाले तेव्हा त्याचे नाव, आपल्याला नवल वाटेल, ‘स्वस्तिक’ असे होते. फिलाडेल्फियातील एका आश्रयदात्याच्या निवासस्थानावरून ते घेतलेले होते, आणि जर्मनीत त्या चिन्हाचे जे झाले त्यानंतर ते टिकणे शक्यच नव्हते. मेहता तेथे पाच वर्षे बसले. ज्याने आपल्या शहरात वाद्यवृंद उभा केला, त्याने पन्नाशीनंतर दुसऱ्यांच्या जुन्या, मुरलेल्या क्वार्टेटमध्ये आतल्या खुर्चीवर बसावे, यात पदावनती पाहणारा माणूस क्वार्टेट ऐकतच नाही, असे म्हणावे लागेल. १९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले आणि तेथे तरुणांचा वाद्यवृंद घडविण्यात त्यांनी पुढील अनेक वर्षे वेचली.

‘अ लेट क्वार्टेट’ हा २०१२ चा अमेरिकी चित्रपट याच खुर्चीवर अडखळतो. एका नामवंत क्वार्टेटच्या चेलोवादकाला कंपवात जडतो. तो निवृत्त होऊ म्हणतो, आणि ही बातमी येताच दुसरा व्हायोलिनवादक पहिल्या व्हायोलिनची अधूनमधून पाळी मागतो. येथून घर फुटू लागते. चेलोवादकाचे चित्रण संयत आणि जाणते आहे. बीथोव्हनचे ओपस १३१, ज्याच्या सात भागांत थांबा नाही आणि म्हणून वाजविता वाजविता उतरलेली वाद्ये जुळवून घेण्यासही उसंत नाही, त्याचा कथानकात केलेला उपयोगही अर्थपूर्ण आहे. पण दुसरे व्हायोलिन म्हणजे अपमान, हे चित्रपट जवळजवळ गृहीत धरतो. हा प्रश्न चित्रपटापूर्वी ३६ वर्षे प्रत्यक्षात सोडविला गेला होता. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या इमर्सन क्वार्टेटमध्ये यूजीन ड्रकर आणि फिलिप सेत्झर हे दोघे व्हायोलिनवादक आरंभापासून पहिले आणि दुसरे व्हायोलिन आळीपाळीने वाजवीत. त्यांची बार्टोकची सहा आणि शोस्टाकोविचची पंधरा क्वार्टेट्स ऐकताना लक्षात येते की या रीतीमुळे दुसऱ्या व्हायोलिनला बळ येते. ते वाजविणारा पहिल्या व्हायोलिनच्या अडचणी आतून जाणतो. तोटाही आहे. ज्या रचनेत एकाच व्यक्तिमत्त्वाची छाप हवी, तेथे इमर्सनचे वादन चोख असूनही परके वाटते. अमेडियसच्या शूबर्टनंतर त्यांचा शूबर्ट ऐकावा, म्हणजे हा फरक कळतो.

शिष्याचे आसन

या दोन टोकांच्या मध्ये ग्वार्नेरी क्वार्टेट येते, आणि त्याचे नाते बुडापेस्टशी आहे. १९६४ मध्ये व्हरमाँटमधील मार्लबरो येथे ते स्थापन झाले, त्यामागे अलेक्झांडर श्नायडरचे प्रोत्साहन होते आणि नाव बोरिस क्रॉइटने सुचविले होते. अरनॉल्ड स्टाइनहार्ट, जॉन डॅली, मायकेल ट्री आणि डेव्हिड सॉयर ही चार नावे ३७ वर्षे कायम राहिली. मात्र अमेडियसप्रमाणे एका रंगात रंगणे त्यांचे ध्येय नव्हते. चौघांची वाद्यशैली भिन्न आणि ती तशीच ठेवावी, गज कोणी कोठे फिरवावा याचीही सक्ती नसावी, एकवाक्यता आशयात असावी, असा त्यांचा आग्रह होता. डॅलीचे दुसरे व्हायोलिन या क्वार्टेटमध्ये कधीही स्टाइनहार्टची सावली वाटत नाही.

२००१ मध्ये सॉयर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी त्याचाच शिष्य पीटर वायली आला. गुरूच्या आसनावर शिष्य बसणे ही गोष्ट आपल्याला स्वाभाविक वाटेल. पण येथे आसनाभोवती आणखी तिघे होते, जे शिष्याचे गुरुबंधू नव्हेत, गुरूचे सहकारी होते. वायलीचे चेलोवादन सॉयरपेक्षा हलके, अधिक रेशमी. इतर तिघांना त्यानुसार तोल सावरावा लागला, आणि तो त्यांनी सावरला, कारण भिन्नता सामावून घेण्याची सवय त्यांना आरंभापासून होती. आठ वर्षांनी, २००९ मध्ये, त्यांनी आपण होऊन निरोप घेतला.

वायलीच्या कारकिर्दीत आणखी एक खुर्ची आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या बो आर्ट्‌स ट्रिओ या पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्या त्रयीत तो १९८७ पासून १९९८ पर्यंत होता. २००८ मध्ये ही त्रयी विसर्जित होईपर्यंत तिच्यात व्हायोलिनवादक पाच झाले, चेलोवादक तीन झाले. पियानोवादक मेनाहेम प्रेस्लर मात्र ५३ वर्षे एकच. तेथे सातत्य माणसात होते, आणि तो माणूस वाद्यमेळाच्या मध्यभागी बसलेला होता. क्वार्टेटमध्ये असा मध्य नसतो, म्हणून ही तोड तेथे चालत नाही.

टाकाश क्वार्टेट १९७५ मध्ये बुडापेस्टच्या चार विद्यार्थ्यांनी सुरू केले. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते, तो पहिला व्हायोलिनवादक गाबोर टाकाश-नॉज १९९० नंतरच्या काही वर्षांतच बाहेर पडला आणि त्याच्या जागी एडवर्ड डसिनबेर हा इंग्रज आला. व्हायोलावादक गाबोर ऑरमाय १९९५ मध्ये कर्करोगाने गेला. २०२० मध्ये नवा व्हायोलावादक आला तेव्हा मूळ चौघांपैकी फक्त चेलोवादक आंद्राश फेयेर उरला होता. ज्याचे आडनाव, तोच नाही. आणि तरी या क्वार्टेटची बीथोव्हनची ध्वनिमुद्रणे बदलानंतरची आहेत व पूर्वीच्या कोणत्याही पर्वापेक्षा सरस मानली जातात. व्हिएन्नाच्या आल्बान बेर्ग क्वार्टेटचे उदाहरण याच्या उलट आहे. व्हायोलावादक थॉमस काकुस्का २००५ मध्ये मरण पावला, त्याची शिष्या इझाबेल शारिझिउस आली, आणि तीन वर्षांनी क्वार्टेट संपले. वादनात उणीव होती असे नव्हे. कदाचित काही समूहांना थांबण्यापूर्वी थोडे चालून पाहावे लागत असावे.

अमेडियसचे तिघे त्यानंतर शिकवीत राहिले, तरुण क्वार्टेट्सना घडवीत राहिले. ब्रेनिन २००५ मध्ये, निस्सेल २००८ मध्ये आणि लोव्हेट २०२० मध्ये निवर्तले. इमर्सन क्वार्टेटने आपला अखेरचा कार्यक्रम ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅलिस टली हॉलमध्ये केला. त्यांचा चेलोवादक डेव्हिड फिंकेल ३४ वर्षांच्या सहवासानंतर २०१३ मध्ये बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी पॉल वॉटकिन्स आला होता. अखेरच्या कार्यक्रमात आधी बीथोव्हनचे ओपस १३० झाले. नंतर शूबर्टचे क्विंटेट होते, ज्यात दोन चेलो लागतात. दुसऱ्या चेलोसाठी फिंकेलला बोलावले होते, आणि मंचावर पाच खुर्च्या मांडल्या होत्या.